कप्तान झोराक दारात का थबकतो

कप्तान झोराक म्हणजे कंपनीच्या व्हिडिओ गेममधला सगळ्यांचा लाडका नायक. एकटा चार आकाशगंगांना भिडतो, पण दार दिसलं की उंबऱ्याशी क्षणभर थबकतो, मगच आत शिरतो. खेळणाऱ्यांचा सगळा जीव त्या थबकण्यावर. कंपनीने त्याच्या लहानपणाचं कॉमिक काढायचं ठरवलं आणि काम एका चष्मेवाल्या नव्या लेखिकेला दिलं. तिला सगळे ढापणी म्हणत. तिचं पहिलंच पुस्तक. दोन मसुदे परत आले होते. तिसराही पडला, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

तिसऱ्यातही तिने झोराकचा ग्रह फोडला होता.

"अगं, आपल्या सगळ्या नायकांचे ग्रह फुटलेत," संपादकबाई म्हणाल्या. "अंतराळात पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि हा थबकतो का?"

"दारामागे त्याचे आईबाबा गेले, म्हणून."

"प्रत्येक दारामागे?"

ढापणीचं तोंड उतरलं. शेजारी चहा पीत बसलेल्या, गेम बनवणाऱ्या प्रोग्रामरदादाने घसा खाकरला. "ती माझी चूक आहे. दार उघडायच्या आत गडी चालायला लागायचा, म्हणून मी त्याला जरा थोपवला. नंतर काढायचं राहिलं. लोक त्यावर कविता करायला लागले, मग कुठल्या तोंडाने सांगू?"

बाई मीटिंगला निघाल्या. दादाही उठला. दोघं एकदमच दाराशी पोचले.

"व्हा पुढे."

"छे छे, बाई, आधी तुम्ही."

कुणीच हलेना. ढापणी टक लावून बघत राहिली.

"बाई, थांबा."

"थांबलेच आहे."

"त्याच्या ग्रहावर सगळे असेच सज्जन. ग्रह फुटणार अशी बातमी येते. यान तयार, दार उघडं, आणि अख्खी प्रजा 'आधी तुम्ही' करत उभी. छोटा झोराक अडखळून आत पडतो. दार लागतं, यान सुटतं."

"आणि बाकीचे खलास," बाई कंटाळून म्हणाल्या.

"छे, बातमी खोटी होती. सगळे ठणठणीत आहेत. दुसऱ्या यानाशी अजून उभे आहेत."

"आईबाबासुद्धा?"

"तेसुद्धा. म्हणून हा प्रत्येक दारात बघतो, आधी आत सोडायला आपल्या मागे कुणी मोठं माणूस तर नाही ना."

प्रोग्रामरदादाने डोळे पुसले. स्वतःच्या चुकीचा इतका अभिमान त्याला कधीच वाटला नव्हता.

"निघताना आई काही म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"पोचलास की कळव."

"कळवतो?"

"नायक आहे, बाई. विसरतो."

बाई परत टेबलाशी आल्या. फुटलेल्या ग्रहावर काट मारून त्यांनी खाली 'मंजूर' लिहिलं.

"शेवटच्या पानावर त्याला घरी फोन करायला लाव," त्या म्हणाल्या. "आणि आईला बोलू दे पोटभर."