साहेबराव, बिरदेव आणि साखळीला टांगलेली मी

मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारायचा, "हे पोतं इथं कुणी टांगलंय?" पोतं नाही मित्रांनो. मी बॉक्सिंगची बॅग आहे. आता जुनी झाले, ठिकठिकाणी उसवले, पण बॅगच आहे. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेलं सरकीचं गोदाम लागतं. त्याच्या लोखंडी तुळईला मला साखळीने अडकवलं, त्या दिवसापासून मी जमिनीला टेकलेली नाही.

मला घडवलं गेणबा सुभेदारांनी. फौजेत असताना ते स्वतः बॉक्सिंग खेळायचे. १९९१ साली पेन्शनीत निघून ते घरी आले, तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता शेती बघा. त्यांनी शेती पाहिलीच, पण त्याआधी ट्रकवर टाकतात तसली जाड ताडपत्री आणली, ती दुहेरी शिवून घेतली आणि शिंप्याकडच्या चिंध्या नि नदीची वाळू माझ्या पोटात ठासली. आपल्याकडे गावोगाव कुस्तीचे आखाडे. बॉक्सिंग म्हणजे सिनेमातली मारामारी, असंच लोकांना वाटायचं. त्यामुळे बरेच दिवस मला ठोसे मारायला सुभेदारांशिवाय कुणी नव्हतं.

मग दोघे आले. साहेबराव सांगवीकडचा. वडील लहानपणीच गेले, आई ताईबाईने शाळेत शिपाईण म्हणून राबून त्याला वाढवलं. अंगाने धिप्पाड, पण स्वभाव मवाळ. ठोसा मारण्याआधी तो क्षणभर थांबायचा, जणू माझी परवानगी घेतोय. बिरदेव लोणी भापकरच्या एका वस्तीवरचा. आजोबांनी मेंढरं विकून जमीन घेतली होती, पण माळ तुडवणाऱ्यांचं बळ पोराच्या पायांत उतरलं होतं. तो थांबायचा नाही. त्याचा डावा ठोसा बसला की वरची तुळई करकरायची.

सुरुवातीला दोघे एकत्रच सराव करत. एकाने मला कवटाळून धरायचं, दुसऱ्याने हाणायचं. एकाचा ठोसा माझ्या अंगातून दुसऱ्याच्या छातीपर्यंत पोचायचा.

"दमला का लगा?" साहेबराव माझ्या मागून विचारायचा.

"तू धर घट, मग सांगतो," बिरदेव म्हणायचा, आणि दोघे हसायचे.

ते हसणं फार टिकलं नाही. दोघेही सर्वांत जड वजनी गटातले. अख्ख्या जिल्ह्यात त्या गटात त्यांच्या तोडीचं तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे एकाला अजिंक्यपद हवं, तर दुसऱ्याला पाडल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या वर्षी साहेबराव जिंकला, पुढच्या वर्षी बिरदेव. दोघांच्या मिरवणुका निघाल्या, हलगी वाजली, गुलाल उधळला. पण मिरवणुकीत कुणी तरी कुणाच्या तरी आईबापावरून बोललं, जातीवरून बोललं, आणि मग सामना दोन माणसांचा राहिला नाही. दोन्हीकडची मंडळी सुभेदारांकडे आली. दोघांतला एक काढून टाका, म्हणाली.

"दोघंबी माझीच पोरं हायती," सुभेदार म्हणाले. "एकाला हाकलायचं आसंल तर आदी मला हाकला."

मंडळी गेली, पण त्यानंतर दोघांनी एकत्र यायचं बंद केलं. साहेबराव सकाळी यायचा, बिरदेव संध्याकाळी. एकमेकांची खुशाली ते सुभेदारांना विचारायचे, तीही आडून. गावाने बिरदेवला खुराक लावला होता. आज या घरचं दूध, उद्या त्या घरचं तूप. ज्यांच्या घरचं दूध प्यायलं त्यांना नाही कसं म्हणायचं? साहेबरावची गत वेगळी नव्हती. त्याच्या वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा त्याच्या दंडावर हात फिरवून म्हणायची, "बाबा, आता तूच आमचा मान." दोघे माझ्यासारखेच टांगलेले होते. त्यांची साखळी तेवढी दिसत नव्हती.

१९९६ साली जाहीर झालं की जिल्ह्याचा सामना इंदापुरात होईल आणि जिंकेल तो राज्याला जाईल. राज्याला चमकलेल्या खेळाडूला पोलिसात घेतात, असं सगळे बोलत होते. बिरदेव जीव तोडून सराव करू लागला. आणि त्याच दिवसांत मला काही तरी चुकल्यासारखं वाटू लागलं. त्याचा डावा ठोसा माझ्या कडेला घासून जायचा. एका संध्याकाळी तर त्याच्या ठोशाने मी लांब झुलले आणि परत येताना त्याच्या डाव्या कानशिलावर आदळले. मांजरासारखा चपळ गडी, पण त्याने मान हलवली नाही. मी येतेय हे त्याला दिसलंच नव्हतं. त्याच्याच जोराने मी झुलत होते, मला थांबता येईना. तो खाली बसला.

नेमका साहेबराव तेव्हा दारात होता. सकाळी विसरलेली हाताची पट्टी न्यायला आला होता. त्याने धावत येऊन मला धरलं.

"डावा डोळा?" त्याने हळूच विचारलं.

बिरदेवने कानशील चोळलं. मग म्हणाला, "कडंनं काळा पडदा वडल्यावानी दिसतंय. सारजाला सुदिक सांगितलं न्हाय. तू बोलू नगंस."

सारजा ही त्याची बायको. दोनच वर्षांमागे लग्न झालं होतं.

"आरं, मग खेळतोस कशापायी?"

"माघार घेऊन कुठं जाऊ? समदं गाव माझ्या जिवावर उभं हाय."

"आन् म्या काय करू? त्याच डोळ्यावर हाणू?"

"हाण. न्हाय हाणलंस तर तुझी मान्सं तुला जित्ता सोडतील व्हय?"

मी दोघांच्या मधे होते. साहेबरावची बोटं माझ्या ताडपत्रीत रुतली होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडून सुभेदारांना बोलावलं असतं. मला फक्त मार खाता येत होता.

इंदापूरचा सामना मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदार माझ्याशेजारी स्टुलावर येऊन बसले आणि चहा घेऊन आलेल्या बायकोला, भागूबाईला, सगळं सांगू लागले, तेव्हा मला कळलं. बाजारतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या फेरीत साहेबरावने बिरदेवच्या डाव्या बाजूला एकही ठोसा मारला नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. फक्त त्याच्या उजव्या बाजूला मारायचा आणि मार खायचा. लोकांच्या लक्षात आलं. त्याचीच माणसं ओरडू लागली, "इकला गेला! इकला गेला!" ताईबाई पुढच्या रांगेत होती. ती मान खाली घालून बसली.

"मग?" भागूबाईने विचारलं.

"मग तिसऱ्या फेरीची घंटा झाली. दोगंबी उठलं. बिरदेवनं त्याच्याकडं पायलं. कळलं त्याला, ह्यो आपल्याला राखतोय. सरळ पंचाकडं गेला आन् हात म्होरं करून म्हणाला, 'ह्ये हातमोजं सोडा. मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय.'"

एवढं बोलून सुभेदारांनी चहाचा कप खाली ठेवला. तो पुन्हा उचलला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा फाटलाय, आणखी दोनचार तडाखे बसते तर तो डोळा पुरताच गेला असता. शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याला उजेड नि सावली एवढंच राहिलं. गावातून येणारं दूध त्याच आठवड्यात बंद झालं. सारजा मात्र म्हणाली, बरं झालं, आता आपल्या घरचं पिऊ. साहेबराव विजेता ठरला, पण त्याच्या गळ्यात हार घालायला कुणी पुढे झालं नाही. तो राज्याला गेला, पहिल्याच सामन्यात हरला आणि परत आल्यावर मला एकदाही हात न लावता एस.टी.त वाहक म्हणून लागला.

बिरदेव आता शेळ्या पाळतो. मोरगावच्या गाडीने कधी तरी बारामतीला येतो. त्या गाडीवर साहेबराव असला, की तिकिटं फाडून झाल्यावर तो बिरदेवच्या उजव्या अंगाला येऊन बसतो, म्हणजे बोलताना त्याला दिसावं. गाडीतली माणसं बघतात. दोघे बोलत राहतात. भागूबाईने हे डोळ्यांनी पाहिलं आणि झाडलोट करता करता मला नाही, स्वतःलाच सांगितलं.

गेल्या वर्षी सुभेदार वारले. गोदामाला कुलूप लागलं. उंदरांनी माझं बूड कुरतडलंय, त्यातून थोडी थोडी वाळू सांडत असते. मला खाली उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझी तक्रार नाही. मी मार खाण्यासाठीच शिवलेली आहे.

माणूस त्यासाठी शिवलेला नसतो, मित्रांनो. तुमच्या गावातही कुणी तरी पहिलवान असेल, धावणारी मुलगी असेल, तुमच्यासाठी जिंकून आणणारं कुणी तरी असेल. त्यांच्यासाठी टाळ्या जरूर वाजवा, खांद्यावर घेऊन नाचा. पण ते घामाने थबथबून खाली बसलेले दिसले, तर जवळ जा आणि विचारा, "कुठं दुखतंय का?" आणि "व्हय" असं उत्तर आलं, तर त्यांना घरी जाऊ द्या.