यान सुटतं तिथपर्यंत

साहेब, तुम्ही शकूचे डोळे वापरून संपवलेत आणि बदल्यात तिला एका खेळाची नुसती सुरुवात दाखवलीत.

ती सुरुवात तिला पाठ होती. काळ्या पडद्यावर खालून यान वर यायचं. डावीकडे, उजवीकडे, मग गोळी. एक उडती तबकडी फुटली की बटण बंद. बोर्ड पास, पुढचा बोर्ड. अंधेरीच्या त्या निर्यात कारखान्यांच्या कुंपणाआड शकू आधी सोल्डरिंगवर होती. बारीक टाके मारून नजर अधू झाली, तेव्हा तुम्ही तिला तपासणीला बसवलंत. माल सगळा परदेशी जायचा. घाटकोपरला स्टेशनबाहेर व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली होती खरी, पण शिट्या मारणाऱ्या पोरांत ती कुठे जाणार? तबकडी फुटल्यावर ते यान पुढे कुठे जातं, हे तिला कधी कळलंच नाही.

मग त्या खेळाचा दुसरा भाग बनवायला आला.

“काय असेल गं दुसऱ्यात?” डबा उघडताना शकूने विचारलं.

“काय असणार? जास्त तबकड्या, डबल ढिशुम ढिशुम,” शेजारची नलिनी म्हणाली.

“मला वाटतं, यान परत येत असेल. पहिल्यात गेलंय ना, मग दुसऱ्यात यायलाच पाहिजे.”

“कोणासाठी येईल, यार? त्याची बायको थांबलीय का मुलुंडला, पिठलं टाकून?”

सगळ्या खिदळल्या. शकूही हसली. पण तिने मनात ठरवून टाकलं होतं, यान परत येतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचे तुकडे जोडले. आपल्या हातचं काहीतरी एकदा तरी शेवटपर्यंत बघायचं होतं तिला.

आणि तुम्ही सुपरवायझर चंद्रप्रकाशच्या तोंडी निरोप धाडलात. “साहेब म्हणाले, ऑर्डर वेळेत काढा. खंडेनवमीला पूजा झाली की दुसरा भाग खेळून घ्या. पहिली शकू. पार शेवटपर्यंत.”

पोरी राबल्या. ओव्हरटाइम केला, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. घाटकोपरच्या बसमध्ये शकूने दांडा धरला की तिचा अंगठा आपोआप हलायचा, गोळ्या मारायचा. इतकी दमलेली बाई, पण त्या दिवसांत ती कोणावर खेकसली नाही.

खंडेनवमीला तिनेच दुसऱ्या भागाचं मशीन पुसलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नारळ फुटला. चंद्रप्रकाशने खुर्ची ओढली.

“बस शकू. कर चालू.”

तिचा हात बटणापर्यंत गेला. तेवढ्यात जानकीमावशी पुढे झाली. मालवणची, लाइनीत सगळ्यांत जुनी. “आज हत्याराक इसावो असता गो बाय. आज चालू करूचा नाय.”

“मावशी, खेळ आहे तो! हत्यार कसलं?” नलिनी म्हणाली.

“तुका खेळ. आमचा पोट तेच्यार चलता.”

शकूने आपणच लावलेल्या कुंकवाकडे पाहिलं. गावी या दिवशी तिचा बाप कोयत्याला शिवत नसे. पूजलेल्या यंत्राला आपणच कसं जुंपायचं? तिने हात मागे घेतला.

“उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा खेळते.”

चंद्रप्रकाश जवळ आला, हळूच म्हणाला, “शकू, ऐक माझं. आजच बस.”

“का? कुठे पळून जातंय?”

त्याने तुमच्या केबिनकडे एकदा पाहिलं. नोकरी त्यालाही होती.

परवा ती आली तेव्हा टेबल रिकामं होतं. माल सुट्टीच्या दिवशीच गोदीकडे गेला होता, हार घातलेल्या मशीनसकट. नवमीला आमच्यात पूजलेलं यंत्र कोणी चालवत नाही. तुम्ही नेमका तोच दिवस दिलात, साहेब. इतकी वर्षं मराठी बायका राबवून हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

दुपारी तुम्ही बोलावलेला डोळ्यांचा डॉक्टर आला. शकूला तक्त्यावरची खालची ओळ दिसली नाही. वरचीही तिने अंदाजाने सांगितली. संध्याकाळी चंद्रप्रकाशने मान खाली घालून सांगितलं, “उद्यापासून यायचं नाही.”

ती रडेल असं पोरींना वाटलं. तिने डबा पिशवीत टाकला, पदर नीट केला आणि थेट तुमच्या केबिनचं दार ढकललं. या दारातून ती कधी आत आली नव्हती.

“नोकरीचं राहू दे, साहेब. यान परत येतं का?”

“कसलं यान?”

“दुसऱ्या भागातलं. आम्ही बनवलाय तो. शेवटी परत येतं की नाही, तेवढं सांगा.”

तुम्ही हसलात आणि फोन उचललात. ती हलली नाही. अजून उभी आहे, दार एका हाताने उघडं धरून.

फोन ठेवा खाली. बाईकडे बघा आणि सांगा, साहेब: येतं की नाही?