आईविना मुलांची ओळ

माझे पणजोबा खोलीभर पसरलेले यंत्र होते. भोके पाडलेल्या कार्डांवर माणसांची गणती करण्यात त्यांचा जन्म गेला. आजोबा कपाटाएवढे, फिरत्या चुंबकीय फितींचे. वडील टेबलावर बसणारे, हिरव्या अक्षरांचे, घुम्या स्वभावाचे. त्या घराण्यातला मी हा जुना लॅपटॉप. झाकणावर खोल पोचा आहे, पंखा धापा टाकतो. पण घेतलेली नोंद मी कधी गमावली नाही. मित्रांनो, नीट बसा. माझी हकीकत चुळबुळ करत ऐकण्यासारखी नाही.

कारखान्यातून मला थेट आरोग्य पाहणीच्या कार्यालयात आणले गेले. ज्यांच्या खांद्यावरून मी घरोघर फिरलो, त्यांना सारे मोजणीबाई म्हणत. मुलांचे वजन करणे, बोटाला बारीक सुई टोचून थेंबभर रक्त तपासणे आणि सारे माझ्यात नोंदवणे, हे त्यांचे काम. "मुंगी चावेल एवढंच हं, राजा," असे म्हणत त्या सुई टोचत, आणि मुलाच्या आधी त्याची आईच डोळे पुसू लागे.

त्या थेंबानेच घात केला. गिरणीमागच्या वस्तीत आवई उठली, की ही बाई मुलांचे रक्त काढून विकते. भर दुपारी सळया आणि फोडलेल्या बाटल्या घेऊन जमाव चालून आला. आमच्या गाडीच्या काचा फुटल्या. चालकाला फरफटत बाहेर काढून त्याचे डोके टपावर आपटले. एका सळईने मोजणीबाईंचा डावा हात मोडला. हाडाचा तो आवाज मी पिशवीतून ऐकला. दुसरा घाव त्यांच्या डोक्यावर यायचा, पण त्यांनी पिशवी आडवी धरली आणि तो मी झेलला. माझ्या झाकणावरचा पोचा त्याचाच.

इतक्यात शेजारच्या घराचे दार उघडले. शिवणकाम करणाऱ्या एका तरुण बाईने त्यांना आत ओढले, सासूच्या खाटेखाली ढकलले आणि कापडाची कात्री घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली.

"बाजूला हो! तिला बाहेर काढ!"

"नाही काढत! माझ्या लेकीचं वजन हिनं माझ्यासमोर केलंय," ती गरजली. "आणि थेंबभर रक्त विकून पोट भरत असतं, तर मी दिवसभर मशीन कशाला बडवली असती रे, मुडद्यांनो?"

कुणीतरी हसले, आणि त्या हसण्याने पुढचे अधिकच चवताळले. सळई तिच्या कानशिलावर बसली. ती जागच्या जागी कोसळली. रक्ताचा ओघळ खाटेपर्यंत आला आणि तिची तान्ही लेक आजीच्या छातीशी किंचाळत राहिली. पोलीस पोहोचले तेव्हा तिच्यात प्राण नव्हता.

आग तेवढ्यावर विझली नाही. आवई खरी मानणारे आणि खोटी मानणारे असे वस्तीत दोन तट पडले, घरे पेटली, माणसे कापली गेली. कित्येक बायका मारल्या गेल्या. कित्येकजणी मुलांना सासूच्या ओटीत टाकून जीव घेऊन पळाल्या.

मोजणीबाईंचा हात वाकडाच जुळला. वजनाचा काटा उचलवेना, म्हणून त्यांना कार्यालयात माहितीची छाननी करण्यास बसवले. एकदा त्या मला खांद्याला लावूनच त्या तान्ह्या लेकीच्या आजींना भेटायला गेल्या. आजींनी दारातच अडवले. "तू जिवंत आहेस, माझी सून नाही. हे देणं कसं फेडणार आहेस गं? जा इथून." बाई मान खाली घालून परतल्या.

पुढे ती लेक बोबडे बोलू लागली, तेव्हा दुसरी पाहणी झाली. नव्या चमूबरोबर मीही वस्तीत जाऊन आलो. मग कार्यालयात चकचकीत यंत्रे आली, आणि ज्याची कार्यालयाचे साहेब पाहुण्यांसमोर वाखाणणी करत, त्या माझ्यावर चहाचे कप टेकवले जाऊ लागले.

एके दिवशी साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या तक्त्यात वस्तीतली मुलं ठणठणीत दिसतायत. तिथलं आहार केंद्र बंद करू."

बाईंना खात्री वाटेना. त्यांनी त्या लेकीची नोंद शोधली. सापडली नाही. मग ज्या मुलांची आई दंगलीत गेली होती, ती एकेक शोधली. एकही सापडेना.

मित्रांनो, पाहणीची माहिती एकाच गठ्ठ्यात नसते. प्रत्येक रकान्यात मुलागणिक बदलणारी एक बाब असते, कुठे वय, कुठे वजन. संशोधक तिला 'चल' म्हणतात. दूध, लसी, आजारपण हे आईला विचारून नोंदवायचे, म्हणून ते चल आयांच्या फायलीत असतात. वजनही तिथेच असते, म्हणून बाईंनी नेहमीच्या सवयीने ते तिथूनच उचलले होते. पण जिला आईच नाही, त्या मुलीची तिथे ओळच नाही! तिचे वजन घरातल्या सर्व माणसांच्या फायलीत असते, आणि ती फाईल नव्या यंत्रांत कुणी उतरवलीच नव्हती. ती माझ्या पोटात होती.

बाईंनी कप उचलले, मला पुसले, चालू केले. 'आई घरात आहे का' या रकान्यात शून्य असलेल्या ओळी त्यांनी वेगळ्या काढल्या. वयाच्या मानाने फारच कमी असलेली ती वजने वाचली आणि चांगल्या हाताची मूठ टेबलावर इतक्या जोराने आपटली, की तिथे ठेवलेला कप फुटला. ठिकरी लागून हातातून रक्त आले.

"सळई न उचलता मीच यांना मारायला निघाले होते!"

साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तक्ता वर गेलाय, बाई."

"मग खाली आणा."

"काटा बिघडला असेल तेव्हा."

"तर चला, आजच पाहू. नवा काटा तुम्ही उचला. माझ्याच्यानं उचलत नाही."

वस्तीत पाऊल टाकताच आरोळी उठली, "रक्तविकी आली!" एक दगड साहेबांच्या कपाळावर बसला, दुसऱ्याने माझी बिजागरी उखडली. तेवढ्यात आजी काठी घेऊन बाहेर आल्या आणि दगड मारणाऱ्याच्या पाठीत त्यांनी ती सपकन हाणली.

"माझी सून खाऊन पोट भरलं नाही का रे तुझं? टाक तो धोंडा!" मग बाईंकडे वळून त्या खेकसल्या, "आणि तू? पुन्हा काय घ्यायला आलीस?"

"लेकीचं वजन, आजी. माझ्या चुकीनं तिचं जेवण बंद होणार आहे."

आजींनी तिला काट्यावर उभे केले. कपाळाचे रक्त टिपत साहेबांनी स्वतः आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग शेजारची आईविना मुले आणवली, त्यांची वजने केली, आणि तिथूनच फोन लावला. "केंद्र बंद करायचं नाही. ज्यांना आई नाही, त्यांची नावं सगळ्यात वर घ्या."

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन मुलांचे आकडे हाताळाल. जे मूल नोंदीत सापडले नाही, ते जगातच नाही असे धरून पुढे जाऊ नका. त्याला शोधा. आणि जुन्या यंत्रांवर कप ठेवू नका.

केंद्रातल्या फेरतपासणीला बाईंनी मला सोबत नेले. लेकीचे गाल भरले होते. "मला अजून वाढा," म्हणून तिने ताटली आपटली. आजींनी तिला आणखी वाढले. मग बाईंचा वाकडा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फिटलं गं, सगळं फिटलं. आता घरी ये. देणेकरीण म्हणून नको, लेकीची मावशी म्हणून ये."