वटसावित्री झाली की कापा

अच्युत मोहरीलांना त्या वडांच्या बदल्यात काय मिळणार होतं, ते आधी बघू. वडांची ओळ गेली की भोपाळच्या बरखेड्यात ते राहायचे त्या क्वार्टर्समागून रुंद रस्ता निघणार आणि तो आनंद नगरातल्या त्यांच्या नव्या घराच्या फाटकापुढून जाणार. आज ते घर गल्लीच्या टोकाला तोंड लपवून बसलंय, रस्ता झाला की एकदम दर्शनी. खाली मुलाचा, शैलेंद्रचा, दातांचा दवाखाना. आणि नागपूरचे पाहुणे आले की "वा, अगदी मेन रोडवर!" हे ऐकायची कायमची सोय.

अडचण एकच होती आणि ती त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी होती. झाडं वाचवायला कोर्टात गेलेल्या बायकांची पुढारी म्हणजे शशिकलाबाई, मोहरीलांची बायको. सुनावणी जुलैत होती.

शशिकलाबाईंचा जीव मधल्या वडात अडकला होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालून बसली होती. दार मातीने लिंपलेलं, चोचीपुरती फट उघडी. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवायचा. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येणार नव्हती.

"बघा, नवरा कसा राबतोय," त्या बाल्कनीतून म्हणायच्या.

"आणि बायको आत कशी गप्प बसलीय, तेही बघ," अच्युतराव चहाचा घोट घेत म्हणायचे.

अच्युतराव कारखान्यात इंजिनिअर आणि मराठी मंडळाचे सेक्रेटरी. वडाचा पार मंडळाने बांधलेला. ठेकेदार विक्रांतकडे वरची परवानगी होती, त्याला भीती होती ती फक्त पारावर ठाण मांडून बसणाऱ्या बायकांची. म्हणून तो सेक्रेटरीसाहेबांकडे आला. अच्युतरावांनी त्याला कारखान्याच्या कँटीनमध्ये नेलं आणि हळूच सांगितलं, "मंडल की तरफ से ना नहीं है. बस, वट सावित्री हो जाने दो."

या एका वाक्यावर ते जाम खूश होते. वटपौर्णिमा जूनच्या अखेरीस. दुसऱ्या दिवशी ते रिटायर, सामान आनंद नगरला. शशिकला शेवटची पूजा करील, मागे झाडं पडतील, सुनावणीला दाखवायला काही उरणार नाही. देवाचं झालं, बायकोचं झालं, रस्त्याचंही झालं. भांडण कुठेच नाही.

फक्त तीस वर्षं शेजारच्या भाभींच्या घरचा प्रसाद खाऊनही एक गोष्ट ते विसरले. भोपाळच्या बायका वट सावित्री पौर्णिमेला करत नाहीत, आधीच्या अमावस्येला करतात. एरवी पंधरा दिवसांचा फरक. यंदा मध्ये अधिक महिना आला होता. फरक पडला दीड महिन्याचा.

मेच्या मध्यावर, अमावस्या होऊन दोनच दिवस झाले होते, सकाळी सकाळी खाली करवतीचं मशीन गुरगुरलं.

अच्युतराव बनियनवरच खाली धावले. शशिकलाबाई आणि शेजारची प्रतिभा मधल्या वडाला पाठ लावून उभ्या होत्या. ओळीच्या टोकाच्या झाडावर माणूस चढला होता. फांदीखाली मुन्नीबाईचा इस्त्रीचा ठेला होता, ती भराभर लोकांचे कपडे ओढून काढत होती.

"विक्रांतजी, सुनवाई बाकी है!" शशिकलाबाई ओरडल्या.

"भाभीजी, रोक तो किसी ने लगाई नहीं." विक्रांत नम्रपणे म्हणाला. "और हमने तो पूजा तक इंतज़ार किया. परसों हो गई. मेरी मिसेस खुद यहीं धागा बाँध के गई हैं."

खोडावर नवा पिवळा दोरा होता खरा.

"पूजेपर्यंत थांबा, असं कोणी सांगितलं याला?" शशिकलाबाईंनी प्रतिभाला विचारलं. प्रतिभालाही ते माहीत नव्हतं.

अच्युतरावांना सगळं लख्ख समजलं. तोंड उघडलं तर मशीन कदाचित थांबेल, पण सौदा कोणी केला ते कळेल. नाही उघडलं, तर रस्ता लवकर येतो, इतकंच. ते चष्मा पुसत राहिले. टोकाची फांदी कडाडून खाली आली. धुरळ्यातून धनेशाचा नर चोचीत उंबर धरून आला, गोंधळला, विजेच्या तारेवर बसला. करवतवाला मधल्या वडाकडे वळला.

"अरे, रुको!" अच्युतराव शेवटी ओरडले. "हमारी पूर्णिमा को होती है! मैंने पूर्णिमा के बाद बोला था!"

मशीन थांबलं. सगळे थांबले.

"आपने पूर्णिमा कब बोला, साहब?" विक्रांतला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आपने बोला, वट सावित्री. गाड़ियाँ लग चुकी हैं, अब कैसे लौटाऊँ?"

शशिकलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, पौर्णिमेनंतर काय?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून... आपण तेव्हा इथे नसतोच ना..."

त्या वळल्या. विक्रांतला म्हणाल्या, "ये बीच वाला छोड़ दो. अंदर बच्चे हैं."

"आज छोड़ता हूँ, भाभीजी. कल की गारंटी नहीं."

त्याने शब्द पाळला. मधला वड दुसऱ्या दिवशी पडला. नंतर काही दिवस नर चोचीत उंबर घेऊन येत राहिला आणि जिथे ढोली होती त्या हवेत घिरट्या घालून परत जात राहिला.

पौर्णिमेला मंडळाच्या बायकांनी बाजारातून वडाची फांदी आणून कुंडीत खोवली. शशिकलाबाई गेल्या नाहीत. दुपारी त्यांनी पोळी-भाजी केली, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि अच्युतरावांच्या समोर बसून जेवू लागल्या.

"अगं, आज तुझा उपास ना?"

"कशासाठी?" त्या म्हणाल्या आणि लोणचं वाढून घेतलं.

आता आनंद नगरच्या घरापुढे खडी पडली आहे. लाकूड विक्रांतला मिळालं, दवाखान्याचा बोर्ड शैलेंद्र रंगवून घेतोय. किंमत भरली कोणी? मुन्नीबाईने. तिचा ठेला आता इंद्रपुरीच्या एका भिंतीला भर उन्हात असतो. क्वार्टर्सच्या वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी, ज्यांचं छत रात्रीसुद्धा तापलेलं राहतं. ढोलीतल्या मादीने तर होतं नव्हतं ते सगळं. अच्युतरावांचे पुढचे सात जन्म गेले. पण खरं सांगायचं तर, किंमत भरणाऱ्या या सगळ्यांत, बदल्यात आपण काय घेतोय हे माहीत असलेले तेवढे एकटेच होते.