मशीन उठेना

वादळ ओमानकडे येतंय ही बातमी रेडिओवर सुरू झाली, तेव्हा समरीनला फारशी भीती वाटली नव्हती. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेली मुलगी ती. शिवाय मस्कतमध्ये वादळ येऊ शकतं यावर त्या दिवशी कुणाचाच विश्वास नव्हता. लोक कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, लाटा बघायला गाड्या घेऊन जात होते. ती घाबरली मंगळवारी सकाळी, ऑफिसातल्या एका मशीनच्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ थांबून राहिली तेव्हा.

ऑफिस मस्कतच्या रुवी भागात होतं. लांब उभ्या असलेल्या जहाजांना पाणी, भाजीपाला आणि सुटे भाग पोचवणारी छोटी कंपनी. तीन बोटी, आणि ऑफिसात मोजकी माणसं. कॉम्प्युटरचं सगळं समरीन बघायची. कोपऱ्यातलं जुनं मशीन तिचं विशेष लाडकं. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालायची आणि ते मशीन गच्चीवरच्या वायरलेसला जोडलेलं होतं. इथे टाइप केलेला निरोप समुद्रातल्या बोटीवरच्या तशाच एका डब्यात उमटायचा. हवा बिघडली की वायरलेसवरचा आवाज खरखरीत बुडून जातो. मजकूर मात्र तुकड्यातुकड्यांनी, पोचेपर्यंत पुन्हापुन्हा जात राहतो. म्हणून ते मशीन चोवीस तास चालू असे.

दोन बोटी आधीच बंदरात आणून बांधल्या होत्या. तिसरी, ‘सफा’, ओमानच्या उत्तर टोकावरच्या खसबहून निघाली होती आणि मस्कतच्या वाटेवर होती. नाखवा हारून, चार खलाशी आणि इंजिन ड्रायव्हर उस्मान. उस्मान म्हणजे समरीनचे अब्बा.

सकाळी वारा वाढला आणि दिवे गेले. बिल्डिंगचा जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागला. एवढा वेळ यूपीएसने मशीन धरून ठेवायला हवं होतं, पण त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. मशीन बंद पडलं. वीज आल्यावर आपोआप सुरू झालं, अक्षरं भराभर वर सरकली आणि थांबली. शेवटची ओळ होती, कर्नेल पॅनिक. रूट सापडत नाही.

समरीनने ती ओळ पुन्हा वाचली.

कर्नेल म्हणजे त्या मशीनचा गाभा. सुरू होताना तो आधी जागा होतो, मग डिस्कवरचा मूळ भाग, म्हणजे रूट, उघडतो आणि बाकी सगळ्याला उठवतो. दुसऱ्या वायरलेससाठी आणलेलं नवं कार्ड जुन्या कर्नेलला ओळखता येत नव्हतं, म्हणून तिने मागच्या आठवड्यात नवा कर्नेल कंपाइल करून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून, बसवला होता. मशीन मात्र बंद करून सुरू केलं नव्हतं. बोटी बंदरात आल्या की निवांत करू, असं ठरवलं होतं. आज विजेने तिला न विचारताच ते करून टाकलं.

“काय गो, काय झालं?” जनार्दनकाकांनी विचारलं. देवगडचे जनार्दनकाका ऑफिसचे मॅनेजर. त्यांच्या हातात वायरलेसचा माइक होता आणि ते सकाळपासून सफाला हाका मारत होते.

“मशीन उठत नाहीये काका.”

“मग उठव. बंदर बंद केलंय. आत्ताच फोन आला. कुणालाही आत घेणार नाहीत.”

“सफाला कळवलंत?”

“कसं कळवू? मोबाइल लागत नाही. आवाज जात नाही. तटरक्षकांनी बोटीचं नाव लिहून घेतलं, पण म्हणाले, शेकडो बोटी आहेत, इन्शाल्ला बघतो.” काकांनी माइक खाली ठेवला. “हारूनला वाटतंय मस्कत जवळ आलं, आत शिरलो की सुटलो. तो सरळ वादळाच्या तोंडात येतोय, समरीन. त्याला परत खसबला फिरवायला हवं. तिथे डोंगरांच्या आत खाड्या आहेत, लपायला जागा आहे.”

समरीनने मशीन पुन्हा सुरू केलं. सुरुवातीला एक यादी दिसते, त्यात नव्या कर्नेलच्या खाली ‘जुना’ असा दुसरा पर्याय होता. तिने तो निवडला. अशा वेळेसाठीच तो ठेवलेला असतो. अक्षरं धावली. पुन्हा तीच ओळ.

असं होणं शक्य नव्हतं. जुना कर्नेल तर चांगला चालत होता. मग तिला आठवलं. तिने एकदा नव्हे, दोनदा कंपाइल केलं होतं. पहिल्यांदा एक गोष्ट राहिली म्हणून लगेच दुसऱ्यांदा. प्रत्येक वेळी आधीचा कर्नेल ‘जुना’ म्हणून बाजूला ठेवला जातो. म्हणजे दुसऱ्या वेळी तिचाच पहिला बिघडलेला कर्नेल जुन्याच्या जागी जाऊन बसला होता, आणि खरा जुना पुसला गेला होता. परतीची वाट तिने स्वतःच्या हाताने बुजवली होती.

“काका, मला थोडा वेळ लागेल,” ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

बाहेर पाऊस सुरू झाला. खिडकीच्या फटीतून पाणी आत येऊ लागलं. काकांनी वर्तमानपत्रं कोंबली आणि पुन्हा माइक हातात घेतला. “सफा, सफा, रुवी बोलतोय.” उत्तरात नुसती खरखर.

डिस्कच गेली असेल तर? सगळ्यात मोठी भीती ती होती. वीज अशी अचानक गेली की डिस्क जाऊ शकते. समरीनने टेबलाचे खण उपसून सीडी काढली. या सीडीवर एक संपूर्ण लिनक्स असतं. मशीनची डिस्क न वापरता नुसत्या सीडीवरून मशीन सुरू करता येतं. सीडी घरघरत फिरू लागली. किती वेळ काहीच दिसेना. मग पडदा उजळला. तिने डिस्क उघडून बघितली. सगळं जागच्या जागी होतं, वायरलेसचा प्रोग्रॅमसुद्धा. डिस्क धडधाकट होती.

ती अर्धवट रडली, अर्धवट हसली. काकांनी वळून बघितलं. “झालं?”

“नाही. पण मेलेलं नाहीये.”

मग कर्नेलला डिस्क का दिसत नव्हती? कंपाइल करताना तिने काय काय निवडलं होतं ते लिहिलेली फाइल तिने उघडली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. शेवटी सापडलं. डिस्क चालवणारा ड्रायव्हर तिने कर्नेलच्या आत न घालता सुटा ठेवला होता. तो सुटा ड्रायव्हर पडून होता डिस्कवरच. घराची किल्ली आत राहावी आणि दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं.

तिने ड्रायव्हर आत घ्यायची खूण केली आणि सीडीवरूनच पुन्हा कंपाइल करायला लावलं. मशीन जुनं, चाल बैलगाडीची. पडद्यावर फाइलींची नावं सरकत राहिली आणि ती बघत बसण्यावाचून करण्यासारखं काही उरलं नाही. एवढ्यात पुन्हा वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. गच्चीवरची वायरलेसच्या अँटेनाची काठी वाऱ्याने वाजत होती, तो आवाज छतातून खाली येत होता.

टेबलावरचा फोन वाजला. अम्मी होती, दिलशाद. वादी अदाईतलं त्यांचं घर तळमजल्यावर, ओढ्याच्या पात्रापासून जवळ. म्हणून सकाळीच काकांनी तिला दार्सैतला आपल्या घरी, सुरेखाकाकूंकडे पोचवलं होतं.

“अब्बांचा काय कळला काय गो?” दिलशादने विचारलं.

“हो अम्मी. बोट परत फिरली. खसबला चाललेत.”

तोंडातून निघून गेलं. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

“तू बोललीस त्यांच्याशी?”

“निरोप आला.”

“अल्लाचा शुक्र,” अम्मी म्हणाली आणि मागे सुरेखाकाकूंना ओरडून सांगितलेलं समरीनला ऐकू आलं. ती फोन ठेवून तशीच उभी राहिली. आता हे खरं करून दाखवणं तिच्यावर होतं. झालं नाही, तर अम्मीला काय सांगायचं, हा विचार तिला मनात येऊ द्यायचा नव्हता आणि तो सारखा येत होता.

कंपाइल संपलं. तिने नवा कर्नेल जागेवर ठेवला, सीडी काढली, मशीन सुरू केलं. काका मागे येऊन उभे राहिले. अक्षरं धावली, मघापेक्षा पुढे गेली, आणखी पुढे गेली. आणि थांबली.

कर्नेल पॅनिक. रूट सापडत नाही.

“या अल्ला,” समरीन म्हणाली आणि खुर्चीत बसली. “काका, मला नाही जमत. मला काही सुचत नाहीये.”

काका स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. “मला यातलं शष्प कळत नाही. पण तू मघाशी म्हणालीस, मेलेलं नाही. मघापेक्षा आता पुढे गेलं ना ते?”

“गेलं.”

“मग थांबण्याआधी काय म्हणालं, ते वाच. मोठ्याने वाच. मी ऐकतो.”

ती वाचू लागली. सुरुवातीला शब्द कळतच नव्हते, नुसती अक्षरं होती. डिस्क सापडल्याची ओळ होती! म्हणजे ड्रायव्हर काम करत होता. डिस्क दिसत होती. डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं नाव, डिस्कचा आकार, सगळं बरोबर. नाव, एसडीए. आणि शेवटी तक्रार काय, तर एचडीए-एक उघडता येत नाही.

“थांबा,” ती म्हणाली. “थांबा, थांबा.”

“मी कुठे चाललोय?”

“नाव बदललंय काका! जुना ड्रायव्हर या डिस्कला एचडीए म्हणायचा. मी निवडलेला नवा ड्रायव्हर एसडीए म्हणतो. डिस्क तीच आहे. मी मात्र कर्नेलला अजून जुन्या नावाने शोधायला सांगतेय.”

तिने मशीन पुन्हा सुरू केलं. यादी आली तशी घाईने कळ दाबून ती थांबवली, त्या ओळीतलं एकच अक्षर बदललं आणि एंटर दाबलं. दोघंही श्वास रोखून बघत होते. पॅनिक आलं नाही. मशीन पुढे गेलं, आणि मध्येच अडून पासवर्ड मागू लागलं. काकांनी कपाळाला हात लावला. समरीन मात्र आता घाबरली नाही, किंवा घाबरायला तिला सवड नव्हती. डिस्कचं जुनं नाव आणखी एका फाइलीत लिहिलेलं होतं, तिथेही बदलायला हवं होतं. तिने ते बदललं. पुन्हा सुरू केलं.

या वेळी मशीन पूर्ण उठलं. वायरलेसचा दिवा हिरवा झाला.

जवळजवळ लगेच तुकडे येऊ लागले. सफा सकाळपासून निरोप पाठवत होती आणि घेणारं कुणी नव्हतं. रोमन अक्षरांतलं मोडकंतोडकं हिंदी: ‘मस्कत आ रहे हैं. लहर बडा है. बंदर का खबर दो.’ त्याखाली तेच पुन्हा. आणि पुन्हा.

समरीनने टाइप केलं, ‘बंदर बंद. मत आओ. वापस खसब जाओ. तुरंत.’ पाठवलं. अर्धा निरोप गेला आणि अडला. पुन्हा गेला, पुन्हा अडला. विजा चमकल्या की तुकडे गळत होते. काका तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होते. समरीन टेबलाची कड धरून बसली होती. अखेर पोचल्याची खूण आली.

उत्तर यायला फार वेळ लागला, किंवा तिला तसं वाटलं.

‘समजा. घूम गए. उस्मान पूछता है समरीन उधर है क्या.’

‘है,’ तिने लिहिलं. बोटांना यापेक्षा जास्त काही सुचलं नाही. तेवढ्यात गच्चीवर काहीतरी कडाडून मोडलं, वायरलेसची काठी पडली, आणि हिरवा दिवा विझला.

त्यानंतर काही करण्यासारखं नव्हतं. काकांनी तिला दार्सैतला नेलं. रस्त्यावर पाणी चढत होतं. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस वारा, पाऊस आणि काळोख. वादी अदाईत ओढा फुटून घराघरात शिरल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. फोन बंद. सुरेखाकाकूंनी स्टोव्हवर भात केला, तो बराचसा तसाच राहिला. अम्मी मात्र शांत होती, कारण बोट फिरली हे तिला वादळाआधीच कळलं होतं. समरीन तिच्याशेजारी पडून छताकडे बघत राही. बोट फिरली खरी, पण वादळाच्या पुढे निघाली होती की मागे पडली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

फोन सुरू झाल्यावर पहिला फोन हारूनचाच आला. खसबच्या अलीकडे एका खाडीत नांगर टाकून ते बसून होते. एका खलाशाचा हात मोडला होता. बोटीवरची ताडपत्री आणि वरचं सगळं सामान समुद्राने नेलं होतं. माणसं मात्र शाबूत होती.

उस्मान बऱ्याच दिवसांनी आले. तोवर मायलेकी वादी अदाईतल्या घरातला गाळ उपसत होत्या. भिंतीवर पाण्याची रेघ खिडकीच्याही वर होती. ते दारात उभे राहिले, घराकडे एकदा बघितलं आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. समरीनने त्यांना सगळं सांगितलं. दोनदा कंपाइल केल्याचं, मशीन न उठल्याचं, अम्मीशी खोटं बोलल्याचंसुद्धा.

“खोटा बोललीस?” दिलशाद म्हणाली. हातातलं फडकं तिने खाली टाकलं, आणि मग उचललं.

उस्मान म्हणाले, “आम्ही निरोप टाकत होतो, टाकत होतो. तिकडून कायच येत नव्हता. मशीन बंद पडला असेल असं कुणाच्या डोक्यात आलंच नाय. मला वाटलं, ऑफिसच गेला. तुम्हीच गेलात.” त्यांनी गाळाने भरलेल्या जमिनीकडे बघितलं. “हारून म्हणायचा, उस्मानमियाँ, आपली काळजी करा. मी म्हणलं, आपली कसली? आपण तर बोटीत आहोत.”

समरीनने फावडं भिंतीला टेकवलं आणि त्यांच्या पायाशी, त्या ओल्या गाळातच, बसून घेतलं.