कोंडासाहेबांचा डबा

कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे कोंडासाहेब म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना त्याचं कौतुकच वाटायचं. कोंड्याच्या बिस्किटांवर ज्या माणसाने शून्यातून एवढा पसारा उभा केला, त्याला दुसरं काय म्हणणार? त्यांच्या वडिलांना मधुमेह होता. आधी एक पाय गेला, मग दुसरा, मग वडीलच गेले. तेव्हापासून कोंडासाहेबांनी साखरेशी उभा दावा मांडला. चहा फिका, दूध फिकं. मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांनी गोडाच्या नावाने पाहुण्यांना पेरूच्या फोडी वाढल्या, आणि पाहुणे अजून त्यांच्या नावाने बोटं मोडतात.

बिस्किटांच्या प्रत्येक पुड्यावर त्यांचा हसरा फोटो आणि खाली त्यांचंच वाक्य असायचं: 'जे मी खातो, तेच विकतो.' कारखान्याच्या आतलं सगळं, म्हणजे खरेदी, पीठ, भट्ट्या, पहिल्यापासून बायकोने पाहिलं आणि ती गेल्यावर मुलीने. साहेबांनी बाहेरची बाजू सांभाळली. दुकानदारांना गाठायचं, सभा घ्यायच्या, आणि लोकांना दम द्यायचा की काहीही विकत घ्या, आधी पुडा उलटा करा आणि मागे काय लिहिलंय ते वाचा.

त्या दिवशी नव्या जाहिरातीचं शूटिंग होतं. कॅमेऱ्यासमोर बिस्कीट खायचं आणि ते वाक्य म्हणायचं, एवढंच काम. पण निघायच्या गडबडीत त्यांचा स्टीलचा डबा घरी राहिला. एरवी हा बिस्किटांचा डबा त्यांच्यासोबत जगभर फिरायचा. आधी तो बायको भरून द्यायची, आता मुलगी. डबा हाताशी असताना पुडा फोडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

वाटेत ड्रायव्हर पेट्रोल भरायला थांबला तोवर साहेबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. पंपावरच्या दुकानात त्यांनी आपल्याच बिस्किटांचा पुडा मागितला. दुकानातल्या बाईंनी पुड्यावरचा फोटो पाहिला, यांना पाहिलं, पण ओळख काही पटली नाही. फोटोतल्या माणसाला केस होते. घ्या, चांगली असतात, असं मात्र बाईंनी आवर्जून सांगितलं. त्यांची मुलं पौष्टिक म्हणून एवढंच काय ते तोंडात घेत होती.

गाडीत बसून साहेबांनी एक बिस्कीट चावलं आणि त्यांचं तोंड चालायचं थांबलं. बिस्कीट गोड होतं.

नकली माल, हे पहिलं मनात आलं. आपला फोटो छापून कुणीतरी भलतंच विकतंय. पण पुडा तर अस्सल दिसत होता. मग वाटलं, जीभ बिघडली असेल, वय झालं. त्यांनी पाण्याने चूळ भरली आणि दुसरं बिस्कीट खाल्लं. तेही गोड. शेवटी त्यांनी एक ड्रायव्हरला दिलं आणि कसं लागतंय विचारलं.

"नेहमीसारखंच आहे की, साहेब."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

ड्रायव्हर बुचकळ्यात पडला. चांगलं, म्हणाला, आणि गाडी चालवू लागला.

कारखान्यात पोचल्यावर साहेब शूटिंगच्या खोलीकडे न जाता तडक भट्टीकडे गेले. पट्ट्यावरून येणारं गरम बिस्कीट त्यांनी उचललं, बोटं पोळून घेतली, आणि तिथेच उभं राहून खाल्लं. गोड! कामगार हातातली कामं सोडून बघत राहिले. हे सगळे सामील आहेत, की आपणच वेडे झालोय? ते तसेच मुलीच्या केबिनमध्ये शिरले.

"आपल्या बिस्किटात साखर कोण घालतंय?"

मुलीने आधी उठून दार लावलं.

"आई," ती म्हणाली.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. साहेबांना वाटलं, जिभेपाठोपाठ आता कानही गेले.

मग मुलीने सगळं सांगितलं. सुरुवातीला माल दुकानांतून जसाच्या तसा परत यायचा. बिस्किटं कौलासारखी कडक आणि चवीला कोंडाच. तेव्हा पीठ आईच मळायची. एक दिवस तिने त्यात साखर घातली, आणि आठवड्याभरात दुकानदार जास्त माल मागू लागले. त्या संध्याकाळी साहेब नाचतच घरी आले, वडिलांच्या फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले की लोकांना अखेर शहाणपण आलं. ते पाहून सांगायचं तिच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. तिने पिठाचा एक बिनसाखरेचा गोळा त्यांच्यापुरता बाजूला काढला, आणि मग रोजच काढत गेली.

"म्हणजे आपण लोकांना फसवलं," साहेब म्हणाले.

"लोकांना नाही, बाबा. पुड्यावर लिहिलंय की. पहिल्यापासून."

साहेबांनी हातातला पुडा उलटा केला. कणीक, कोंडा, साखर. अख्ख्या दुनियेला वाचायला लावलेली ती मागची बाजू त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती.

"आणि माझा डबा? तो इथूनच भरतेस ना?"

"इथे तसली बिस्किटं होतच नाहीत. कारखाना वाढल्यावर आई ती घरी करायला लागली. आता मी करते, रविवारी, तुम्ही फिरायला गेलात की."

साहेब खुर्चीत बसले. ज्या बिस्किटावर आपण एवढं साम्राज्य उभं केलं असं ते समजत होते, त्याचं जगात एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते म्हणजे ते स्वतः. रागवावं तर कुणावर? जी गेली तिच्यावर? की जी दर रविवारी पीठ मळत बसते तिच्यावर? वडिलांचे पाय त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. किती साखर असते, त्यांनी विचारलं. इतरांच्या निम्मी, मुलगी म्हणाली. याने बरं वाटून घ्यावं की वाईट, तेही त्यांना कळेना. त्यात बोलता बोलता त्यांनी अर्धा पुडा संपवला होता. बिस्कीट त्यांना आवडलं होतं, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

शूटिंग मात्र झालं. दिग्दर्शकाने बशी पुढे केली, साहेबांनी बिस्कीट खाल्लं आणि वाक्य म्हटलं. इतकी वर्षं जे छातीठोकपणे म्हणत आले ते आज पहिल्यांदा खरं होतं, आणि आजच म्हणताना ते अडखळले. दिग्दर्शकाने ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. दर वेळी साहेबांनी नवं बिस्कीट घेतलं.

संध्याकाळी मुलगी त्यांना गाडीपर्यंत सोडायला आली. दाराला हात लावून ती घुटमळली.

"रविवारी करू का, बाबा? की आता राहू दे?"

साहेबांनी दार ओढून घेतलं आणि काच खाली केली.

"कर," ते म्हणाले. "फक्त त्यात काय घालतेस, ते मला सांगू नकोस."