रणगाड्यातली बोंब

ठेव गो सेजल तो मोबाइल खाली! म्हणे, रशियाचा रणगाडा पाण्यावर तरंगतो, कसला भारी! आज्याला विचार ना किती भारी ते. एकाहत्तरच्या लढाईत त्याच रणगाड्याचा कमांडर होतो मी. तरंगायचा खरा, पण पत्रा इतका पातळ, की गोळा लागला की आरपार.

आम्ही तिघं. पुढं खाली ड्रायव्हर पांडू, वरंधचा. वर तोफेच्या फिरत्या घुमटात मी, आणि बाजूला तोफेत गोळे भरणारा गोमाजी, पोलादपूरचा. त्या दोघांचा एकमेकांवर भारी जीव.

पूर्वेकडची एक नदी ओलांडून काठाला लागतो न लागतो, तोच गोळा बसला. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलं, गाडीतली वीज गेली. गाडीचं नाक पाण्यात, पुढच्या भोकातनं पाणी आत, आणि तोफेची नळी कलंडून ड्रायव्हरच्या झाकणावर टेकलेली. ती हटल्याशिवाय झाकण उघडत नाय.

"साहेब, पाणी गळ्याला लागलंय!" खालनं पांडू ओरडला.

घुमट हातानं फिरवायचं चाक धरलं, तर ते अडलं. खाली बघतो तर गोमाजीचा पाय फिरत्या लोखंडात गुडघ्यापर्यंत गेलेला. फिरवलं तर पाय जाणार, नाय फिरवलं तर पांडू बुडणार. माझे हातच चालेनात.

"बघतोस काय मेल्या, फिरव!" मला साहेब म्हणणारा गोमाजी माझ्यावर खेकसला.

फिरवलं गो. सगळा जोर लावून फिरवलं. हाड कडाकडा मोडलं, गरम रक्त माझ्या बुटांत शिरलं. आणि गोमाजीनं तोंडावर हात मारत शिमग्याची बोंब ठोकली. होळीभोवती मारतात ना, तीच. किंकाळी ऐकली असती तर पांडू बाहेर पडायचं सोडून त्याच्याकडं आत आला असता.

झाकण उघडलं. मी वरनं डोकं काढलं, तर पांडू निथळत, हसत बाहेर! त्याला वाटलं, आम्ही मैदान मारलं. आपल्याकडं बोंबेला बोंब देतात. वाकून पळायचं सोडून हा वेडा गाडीवर ताठ उभा राहिला, तोंडाशी हात नेला.

"पांडू, झोप खाली!"

मशीनगननं त्याची छाती फाडली. बोंब तोंडातच राहिली.

गोमाजीला खांद्यावर टाकून मागं आणलं. इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पायाकडं बघितलंसुद्धा नाय.

"साहेब, पांडू निघाला ना बाहेर?"

"निघाला," मी म्हणालो.